बंदूक डावीकडे मारते, असे वाटते तेव्हा: बारा बोअरच्या नेमातला दोष कसा शोधावा

ठाणे, ऐरोली आणि नेरूळ अशा तीन ठिकाणांहून निघून, पंधरवड्यातून एकदा एकाच गाडीत दाटीवाटीने बसून क्ले नेमबाजीच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाच्या, रेंजवर जाणारा आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. परतीच्या वाटेवर, गाडी टोलनाक्याच्या रांगेत अडकली की, एक वाक्य हमखास ऐकू येते: "आज बंदूक डावीकडे मारत होती." कधी ती डावीकडे मारते, कधी खाली, कधी वर. या वाक्यातली तक्रार बहुधा खरी असते, पण त्यातला कर्ता बऱ्याचदा चुकीचा असतो, आणि तो चुकीचा धरल्यामुळेच बंदुकीच्या चांगल्या लाकडी दस्त्यावर रंधा फिरतो. माझ्या बंदुकीवर तो फिरला आहे, म्हणून हा लेख.

प्रथम बंदुकीची ओळख करून घेऊ. छर्‍याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलसारखे पेच तिच्यात नसतात. बारा बोअर या नावाचा अर्थ असा, की त्या नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन मिळून एक पौंड भरते, आणि त्या हिशेबाने नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. एका बारात एक गोळी न जाता छर्‍यांचा थवा बाहेर पडतो. ट्रॅप (तबकडी समोरून दूर पळते) आणि स्कीट (तबकडी समोरून आडवी जाते) या ऑलिंपिक प्रकारांत एका काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात, म्हणजे बारीक छर्रे घेतले तर मोजून साधारण ३०० दाणे. याच जातीच्या बंदुकीवर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एका वेळी दोन तबकड्यांच्या प्रकारात, रौप्यपदक मिळवले होते.

रायफल आणि छर्‍याची बंदूक यांच्यातला आपल्या कामाचा फरक मात्र नळीच्या आत नसून नळीच्या वर आहे. रायफलला मागे खाच आणि पुढे टोक असते, दोन्ही नळीला घट्ट बसवलेली असतात, आणि ती एका रेषेत आली की नेम लागला असे मानता येते. छर्‍याच्या बंदुकीला पुढे तोंडाशी फक्त एक छोटा मणी असतो. मागची खाच म्हणजे नेमबाजाचा स्वतःचा डोळा. हा डोळा स्क्रूने बसवलेला नसतो. दस्त्याच्या वरच्या कडेवर गाल टेकतो आणि त्या गालाच्या आधाराने डोळा जिथे येईल तिथे येतो. दस्ता जाड असेल, बारीक असेल, गाल भरलेला असेल, मान अवघडली असेल, तर प्रत्येक वेळी ही मागची खाच आपली जागा बदलते. रायफलची मागची खाच डावीकडे सरकवली की गोळी डावीकडे लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचे सगळे सोपे जाईल, कारण इथेही नियम तोच आहे: डोळा नळीवरच्या लांब सपाट पट्टीच्या डावीकडे गेला की छर्रे डावीकडे, डोळा वर उचलला गेला की छर्रे वर.

किती डावीकडे आणि किती वर, याचे उत्तर दहावीच्या भूमितीतल्या समरूप त्रिकोणांत आहे. ७६ सेंटिमीटर लांबीची नळी असलेल्या बंदुकीत डोळ्यापासून मण्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने १ मीटर भरते. त्यामुळे डोळा १ मिलिमीटर सरकला, तर मण्यापासून १६ मीटरवरच्या कागदावर बार १६ मिलिमीटर सरकतो आणि ३६ मीटरवर ३६ मिलिमीटर. म्हणजे कागदावर १६ मीटरला बार ८ सेंटिमीटर डावीकडे पडत असेल, तर डोळा सुमारे ५ मिलिमीटर डावीकडे बसतो आहे. हा एक आकडा हाताशी असला की अर्धी भीती जाते. ८ सेंटिमीटर ऐकून माणूस नळी वाकली असे समजतो, ५ मिलिमीटर ऐकून गालाकडे बघतो.

एवढ्याशा फरकाने तबकडी खरोखर चुकते का, अशी शंका येणे साहजिक आहे, कारण थवा म्हटल्यावर तो काही तरी गाठेलच असे वाटते. हिशेब करून पाहावा. बंदुकीच्या तोंडाशी नळी किंचित आवळलेली असते, त्याला चोक म्हणतात, आणि बारा बोअरमध्ये ही आवळण फुल चोकला जेमतेम १ मिलिमीटर, हाफ चोकला त्याच्या निम्मी असते. फुल चोकने सुमारे ३६ मीटरवर ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात ७० टक्के छर्रे पडावेत अशी जुनी मोजणी आहे. ३०० पैकी २१० छर्रे त्या वर्तुळात सारखे पसरले असे धरले, तर ११ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीच्या पूर्ण चेहऱ्यावर सरासरी चार छर्रे येतात. पण ट्रॅपमध्ये तबकडी आपल्यापासून दूर पळते आणि तिची अडीच सेंटिमीटर जाडीची कडच आपल्याला जास्त दिसते. त्या कडेवर सरासरी एक-दीड छर्राच येतो. प्रत्यक्षात छर्रे मधोमध दाट आणि कडेला विरळ असतात, म्हणून त्याच ५ मिलिमीटरच्या चुकीने ३६ मीटरवर थव्याचा मध्य १८ सेंटिमीटर बाजूला गेला की तबकडी त्या विरळ भागात सापडते, आणि "धूळ उडाली पण फुटली नाही" असे पंचांच्या दृष्टीने शून्य किमतीचे दृश्य दिसते.

आता तपासणी. तिला लागते एक मोठा कागद, एक काळा ठिपका आणि धीर. यांतली तिसरी वस्तू सर्वांत महाग. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात पॅकिंगच्या तपकिरी कागदाचा रुंद रोल मिळतो, त्याचा सव्वा मीटरचा चौरस तुकडा पुठ्ठ्यावर लावून मध्ये मुठीएवढा ठिपका काढावा. रेंजच्या अधिकाऱ्याला आधी सांगून, मोजून १६ मीटरवर उभे राहावे. दूरची मोजणी नंतर करावी, कारण दूरवर थवा इतका पसरतो की त्याचा मध्य कुठे आहे यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. जवळ आणि घट्ट चोकने मारलेल्या बारांत कागदाला एक दाट भोक पडते आणि वाद मिटतो.

मारताना मणी ठिपक्याखाली आणून, श्वास रोखून, रायफलसारखा नेम धरायचा नाही. बंदूक खाली, नजर ठिपक्यावर, मग नेहमीच्या सवयीने बंदूक गालाला आणून लगेच चाप ओढायचा; पुन्हा बंदूक खाली. असे पाच बार एकाच कागदावर मारावेत. पहिल्या बारावरून निष्कर्ष काढणारे आमच्या गटातही आहेत आणि ते दर वेळी वेगळा निष्कर्ष काढतात. पाच भोकांचा जमाव एका जागी आला, पण ठिपक्यापासून बाजूला आला, तर तो दोष स्थिर आहे, म्हणजे मापाचा (दस्ता अंगाला न बसण्याचा) किंवा लोखंडाचा. भोके इकडे-तिकडे विखुरली, तर दोष बहुधा हाताचा, गालाचा किंवा मनाचा आहे आणि, दस्ता सैल झालेला नसेल तर, बंदुकीला हात लावण्याचे कारण नाही.

मग दुसरा कागद. या वेळी बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, डोळा पट्टीच्या बरोबर मध्ये आहे ना हे शांतपणे पाहून तीन बार मारावेत. टेकवून मारलेले बार ठिपक्यावर आणि उभ्याने मारलेले बाजूला, तर बंदूक निर्दोष आहे, ती तुमच्या अंगाला बसत नाही एवढेच. दोन्ही वेळा एकाच जागी बाजूला गेले, तर संशय नळीवर किंवा चोकवर. तिसरी आणि फुकटची तपासणी म्हणजे सहकाऱ्याने रेंजवर तुमच्या देखत तीच बंदूक चालवून पाहणे. वेगळ्या गालाच्या माणसाचे बारही तिथेच पडले, तर संशय पक्का होतो. दोन नळ्यांच्या बंदुकीत प्रत्येक नळीसाठी वेगळा कागद लावावा. दोन्ही नळ्या सारख्याच बाजूला आणि सारख्याच अंतराने मारत असतील तर माप पाहावे, एकच नळी भरकटत असेल तर त्या नळीचा चोक पाहावा. इतका साधा निकष असूनही, दोन्ही नळ्यांचे बार एकाच कागदावर मारून गोंधळलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यांतला एक मी होतो.

माझी चूक सविस्तर सांगण्यासारखी आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर माझ्या तबकड्या अधूनमधून सुटू लागल्या आणि मागे उभे असलेल्यांनी सांगितले, की छर्रे डावीकडून जात आहेत. मी कागद वगैरे न लावता बंदूक थेट एका परवानाधारक कारागिराकडे नेली, डावीकडे मारते असे छातीठोकपणे सांगितले, आणि त्यानेही मला न तपासता दस्त्याची गालाकडची बाजू दोन मिलिमीटर घासून दिली. उपाय दिशेने बरोबर होता, कारण उजव्या खांद्याच्या माणसाचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो, ती बाजू घासली की गाल आणि डोळा उजवीकडे सरकतो आणि बारही उजवीकडे जातो. पण रोग वेगळाच होता. पुढच्या वेळी तबकड्या तशाच सुटल्या, आणि ज्या लागत होत्या त्यांचाही चुरा होण्याऐवजी आता तुकडे पडू लागले.

तेव्हा कुठे कागद लावला. आठ बार मारले. पाच भोके ठिपक्याच्या तीन सेंटिमीटर उजवीकडे अगदी एकमेकांना खेटून होती, म्हणजे घासलेल्या दोन मिलिमीटरचा हिशेब तंतोतंत जुळत होता. उरलेले तीन बार कागदावर नव्हतेच. काडतुसे खराब असावीत असे मी म्हणत होतो, तेवढ्यात ऐरोलीहून येणारा आमच्यातला सर्वांत धाकटा नेमबाज म्हणाला, "काका, तीन बार हवेत विरघळत नाहीत. डावीकडे अजून एक कागद लावून बघू या ना." तो लावला, पुन्हा आठ बार मारले, आणि दोन भोके त्या दुसऱ्या कागदावर, ठिपक्यापासून जवळजवळ एक मीटर डावीकडे सापडली. मधल्या जागेत काहीही नव्हते.

एक मीटर हा आकडा ओळखीचा वाटायला हवा. माणसाच्या दोन डोळ्यांतले अंतर साधारण ६५ मिलिमीटर असते. त्याला १६ ने गुणले की १ मीटर ४ सेंटिमीटर येतात. म्हणजे त्या दोन बारांना मागची खाच उजवा डोळा नव्हता, डावा डोळा होता. बंदूक उजव्या डोळ्याखाली, पण मणी ठिपक्याशी जुळवला डाव्या डोळ्याने, त्यामुळे नळीचे तोंड डावीकडे वळले. हाताप्रमाणे डोळ्यांतही एक वरचढ असतो आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरताना मेंदू त्याचेच ऐकतो. उजव्या हाताच्या सगळ्यांचा उजवा डोळाच वरचढ असतो असे नाही, आणि वयाबरोबर हे वर्चस्व बदलूही शकते. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात झाली होती. उजेड चांगला असला की तो डोळा काम करी, ढग आले की डावा कारभार हाती घेई. पावसाळ्यानंतरच हे का जाणवले, तर मधले चार महिने आम्ही रेंजवर गेलोच नव्हतो.

वरचढ डोळा रेंजवर न जाताही तपासता येतो आणि त्याला बंदूक लागत नाही. ठाण्यात तलावपाळीच्या कठड्याशी उभे राहून पलीकडच्या काठावरचा एखादा दिव्याचा खांब निवडावा. दोन्ही हात पूर्ण लांब करून अंगठे आणि बोटे जुळवून मध्ये लहान खिडकी करावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून खांब पाहावा, आणि मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना खांब खिडकीतच राहतो, तो वरचढ. सकाळी एकदा आणि दमल्यावर संध्याकाळी एकदा करून पाहिले तर अधिक चांगले, कारण काहींचे उत्तर दोन वेळा वेगळे येते. उपाय स्वस्त आहे. डाव्या काचेवर, बंदूक गालाला लावल्यावर जिथून मणी दिसतो नेमक्या त्या जागी, अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावावा. डाव्या डोळ्याला उजेड आणि हालचाल दिसत राहते, फक्त मणी दिसत नाही. तरुण असाल आणि नुकतेच शिकत असाल, तर बंदूक वरचढ डोळ्याच्या खांद्यावर घेणे हा अधिक खरा उपाय आहे. माझ्या वयात नवा खांदा शिकण्यापेक्षा चिकटपट्टी बरी वाटली, पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर तीही काढली, आणि घासलेल्या दस्त्यावर मात्र दोन मिलिमीटर जाडीची चामड्याची पट्टी चिकटवून घ्यावी लागली.

मापाचे बाकीचे दोष याच भूमितीतून उलगडतात. गाल टेकण्याची कड उंच असेल तर डोळा उंच आणि बार वर. कड ठेंगणी असेल तर बार खाली, किंवा समोर पट्टीऐवजी लोखंडाची भिंत दिसते म्हणून नेमबाज नकळत मान उचलतो आणि बार कुठेही जातो. बहुतेक दस्ते मागे उतरते असतात, त्यामुळे दस्ता लांबीला कमी पडला आणि गाल पुढे सरकला, की डोळा आपोआप वर येतो. जाड जाकीट घातल्यावर एकाच बंदुकीचा बार बदलतो तो यामुळे. गालांचेही तसेच: चेहरा भरला की डोळा थोडा वर आणि बाहेर ढकलला जातो. दिवाळीच्या फराळाचा असा परिणाम आमच्या गटात कोणी उघडपणे मान्य केलेला नाही. माप पक्के होईपर्यंत घासणे टाळून आधी भर घालून पाहावी, चिकटपट्टीचे थर किंवा चामड्याची पट्टी लावून. लावलेली पट्टी काढता येते, घासलेले लाकूड परत येत नाही.

प्रत्येक वर मारणारी बंदूक सदोष नसते, हेही इथेच सांगितले पाहिजे. ट्रॅपची तबकडी वर चढत असते, म्हणून ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम किंचित वर मारतील अशा घडवतात: साठ टक्के छर्रे नेमाच्या वर आणि चाळीस खाली, काही सत्तर-तीसच्या. त्यामुळे तबकडी मण्याने झाकून न टाकता तिच्याखाली मणी ठेवून बार काढता येतो. स्कीटची बंदूक सहसा निम्मी वर, निम्मी खाली. कोणी जुनी ट्रॅपची बंदूक घेऊन स्कीट खेळू लागला आणि वर मारते म्हणून कुरकुरू लागला, तर बंदूक आपले काम चोख करते आहे.

आता लोखंडाचे दोष, ज्यांच्यावर सर्वांचा संशय सर्वांत आधी जातो आणि जे सर्वांत कमी वेळा निघतात. मणी वाकडा किंवा सैल आहे का, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. स्क्रूचा चोक, म्हणजे नळीच्या तोंडात फिरवून बसवायचा सुटा चोक, पूर्ण बसला आहे का, त्याच्या आट्यांत काजळी साचून तो तिरका राहिला आहे का, हे बंदूक उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करून पाहावे. सैल चोकने बार काढणे धोक्याचे आहे. चोकची शंका असेल तर त्याच नळीत दुसरा चोक घालून पुन्हा कागदावर मारावे, भोक चोकबरोबर सरकले तर चोर सापडला. नळी सुटी काढून मागच्या बाजूने उजेडाकडे पाहिली, की आत प्रकाशाच्या गोल कड्या एकात एक दिसतात. गाडीच्या दारात चिमटलेल्या किंवा पडलेल्या नळीत त्या कड्या एका बाजूला झुकून चंद्रकोरीसारख्या होतात. अशी नळी किंवा फुगवटा आलेली नळी वापरणे तत्काळ थांबवावे, आणि घरी सरळ करण्याचा विचारही करू नये.

शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या जुन्या बंदुकांची गंमत थोडी वेगळी आहे. धक्का बसताना उजवी नळी उजवीकडे आणि डावी नळी डावीकडे ओढ घेते, म्हणून कारखान्यात दोन्ही नळ्या पुढे किंचित जवळ आणून एका ठरावीक ताकदीच्या काडतुसासाठी जुळवलेल्या असतात. फारच हलके काडतूस घातले की ओढ कमी पडते आणि दोन्ही नळ्यांचे बार एकमेकांच्या बाजूला सरकतात. काडतुसांबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे नाही. तपासणी सुरू असताना एकाच खोक्यातली वापरावीत म्हणजे झाले.

दस्त्याचे लाकूड मात्र आपल्याकडे खरा उपद्रव करते. खाडीच्या दोन्ही बाजूंना जून ते सप्टेंबर कपाटातली चामड्याची चप्पलही बुरशी धरते, तिथे अक्रोडाचे लाकूड कोरडे कसे राहील? मागच्या रबरी गादीखाली लाकडाचे उघडे तोंड असते, त्यातून दमट हवा शिरते, लाकूड फुगते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत आकसते. या फुगण्या-आकसण्यात दस्ता धरून ठेवणारा बोल्ट सैल होतो आणि दस्ता प्रत्येक बारागणिक केसभर हलतो. कागदावर हा दोष विखुरलेल्या भोकांसारखा दिसतो, त्यामुळे माणूस स्वतःला दोष देत बसतो. बंदूक उलटी धरून दस्ता आणि लोखंड यांचा सांधा हाताने पिळून पाहिला की कळते. गादीखालचे लाकूड तेल किंवा वॉर्निश लावून बंद करून घेतले, तर पुढचा पावसाळा सुखाचा जातो.

विखुरलेल्या भोकांचे आणखी एक कारण कोणाला आवडत नाही: धक्क्याची भीती. चाप ओढण्याच्या क्षणी खांदा आक्रसतो, नळीचे तोंड खाली जाते आणि बार जमिनीकडे झुकतो. सहकाऱ्याने तुम्हाला न सांगता खऱ्या काडतुसांत मधूनच एखादे डमी, म्हणजे न उडणारे, काडतूस भरावे. डमीवर चाप ओढला गेला आणि नळीने खाली डुबकी मारली, की पुरावा समोर असतो. औषध म्हणजे हलकी काडतुसे, कानांना चांगले संरक्षण आणि थोडे कमी बार.

हे सगळे प्रयोग परवाना असलेल्या माणसाने, परवानगी असलेल्या रेंजवरच करायचे आहेत. "येऊरला नाही तर मुरबाडच्या शेतावर चार बार मारून बघू" असा सल्ला देणारे भेटतात. येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि तिथे विनापरवानगी शस्त्र घेऊन शिरणे हाच गुन्हा आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना असला, तरी तो कागदावर बार मारून पाहण्यासाठी दिलेला नसतो. दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडेच करायची, आणि त्याच्याकडे जाताना परवान्यासोबत कागद न्यायचा. त्या कागदाच्या कोपऱ्यात तारीख, अंतर, कोणती नळी, कोणता चोक, कोणते काडतूस आणि किती बार, एवढे पेनने लिहिलेले असावे. डावीकडे मारते असे सांगू नये. "१६ मीटर, ५ बार, मध्य ८ सेंटिमीटर डावीकडे, टेकवून मारले तर ठिपक्यावर" असे सांगितले, की तो रंधा बाजूला ठेवून आधी तुम्हाला बंदूक गालाला लावायला सांगतो.